बबनराव गुरुजींच्या गळ्यातलं दावं

बबनराव गुरुजींनी उभ्या आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून पाहिल्या. एक बैल, आणि दुसरी म्हणजे दुसरा बैल. शाळा होती, संसार होता, लेकरंबाळं होती, नाही असं नाही. पण ते सगळं बैलाच्या आडून जेवढं दिसेल तेवढंच त्यांना दिसायचं.

हे मी निंदा म्हणून सांगत नाही. निंदा करायची असती तर आधी दार लावून घेतलं असतं. गुरुजींबद्दल आमच्या गावात उघड्या दारानं बोललं जायचं, त्यांच्या तोंडावरसुद्धा, आणि तेही टोपी मागं सरकवून हसायचे. आमचं गाव तळेगाव श्यामजी पंतपासून दीडेक कोसावर. गावात सातवीपर्यंतची शाळा, शाळेला लागून पटांगण, पटांगणाला लागून आखर. आखर म्हणजे सकाळी गावची ढोरं जिथं गोळा होतात ती मोकळी जागा. मधे काटेरी कुंपण. आणि या सगळ्याच्या समोर पोस्ट, ज्याच्या खिडकीत मी बसायचो. टपाल थोडं, खिडकी मोठी. तेव्हा मला जे ठाऊक आहे ते कुणाची पत्रं फोडून कळलेलं नाही, एवढं लक्षात असू द्या.

गुरुजींची सोयरीक आष्टीची. मुलगी पाहायला गेले तेव्हाचा किस्सा विमलाबाई, म्हणजे ती मुलगीच, दर हळदीकुंकवाला सांगायच्या. "मी पोह्याच्या बशा घेऊन आली, तं हे खालीच पाहून राह्यले. मले वाटलं, पोरगं बिचारं लाजाळू हाय. लग्न झाल्यावर समजलं माय, लाजत-बिजत काई नाई, माही चाल पाहून राह्यले होते!"

यावर गुरुजी बाहेरून म्हणायचे, "मंग? चाल चांगली निघाली का नाई?"

शाळेतही तीच तऱ्हा. बाप पोराची प्रगती विचारायला आला की गुरुजी सांगायचे, "पोरगं चांगलं हाय गा, पन बांधापाशी थांबते." बापाला ते इतकं नेमकं कळायचं की तो घरी जाऊन दुसरं काही विचारायचाच नाही. एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी विचारलं, "वर्गातला हुशार मुलगा कोणता?" गुरुजी म्हणाले, "तो खिडकीजवळचा, साहेब. चार दाती." साहेबांनी जाता जाता त्या पोराला आ करायला लावलं म्हणतात. मी पाहिलं नाही. पण लावलं असेल.

असा हा बैलातला दर्दी माणूस फसला तोही बैलापायीच.

झालं असं, की गावात रुख्माबाई नावाची बाई होती. नवऱ्यामागं एकटी, लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची. तिला एकच पोरगं, लहानू. नावानं लहानू आणि अंगानंही लहानूच. वाऱ्याची झुळूक आली की कुणीतरी त्याचा हात धरावा असा. चौथी झाल्यावर तिनं त्याला बकऱ्यांमागं लावला. गुरुजींना हे सहन होईना, कारण पोरगं गणितात कुणाला ऐकत नव्हतं. त्यांनी तिच्या अंगणात इतके खेटे घातले की तिचं कुत्रं भुंकायचं थांबलं.

शेवटी एकदा साऱ्या गल्लीदेखत म्हणाले, "रुख्माबाई, पोरगं माह्या दावणीत द्या. त्याले काई झालं तं मले धरजा."

"धरीन बरं मास्तर," ती म्हणाली. "मी एकदा धरलं तं सोडत नसते."

लहानू पाचवीत आला.

त्याच शाळेत सातवीत प्रेमदास होता. सातवीत तो दुसऱ्यांदा होता, म्हणजे वर्ग त्याच्या चांगला ओळखीचा झाला होता. बाप तानबा, शंकरपटाच्या शर्यतीत जोडी पळवणारा नामी माणूस. त्याच्या घरी बैलांना सरकी आणि पोराला तुतारी, असं लोक म्हणायचे. तुतारी म्हणजे वाजवायची नव्हे; टोकाला आर ठोकलेली, बैल टोचायची काठी. तर घरी जे खायला मिळायचं ते प्रेमदास शाळेत वाटून टाकायचा. दानशूर पोरगं.

सत्त्याहत्तर सालची संक्रांत झाली आणि पटांचे दिवस आले. गावोगावी जोड्या पळायला लागल्या तशी आमच्या पोरांनीही मधल्या सुट्टीत पट सुरू केला. एक पोरगं बैल, एक धुरकरी, म्हणजे हाकणारा. बैलाच्या गळ्यात दावं, धुरकऱ्याच्या हाती त्याचं टोक, आणि दोन्ही काठांना बोंबलणारी पोरं. आधी पाळीपाळीनं बैल व्हायचे. मग प्रेमदास कायमचा धुरकरी झाला आणि लहानू कायमचा बैल. नाही म्हटलं की त्याची भाकर नाल्यात. हळू पळाला की पायांवर छडी. बाकीची पोरं मोठमोठ्यानं ओरडायची, कारण जो ओरडायचा त्याला बैल व्हावं लागत नव्हतं.

एक दिवस गुरुजी चहाची बशी हातात घेऊन व्हरांड्यात आले. पाहतात तो पट चाललेला. दुसरा एखादा मास्तर असता तर म्हणाला असता, अरे हे काय चाललंय. पण गुरुजींच्या डोळ्यांत तेज आलं. बशीतला चहा तसाच.

"अबे प्रेम्या!" ते ओरडले. "कासरा एवढा आवळून धरतेत काय बे? मनगट ढिलं सोड! अन् लहान्या, मान खाली घाल, पाय उचलून पळ. शाब्बास! पाहा, कसा सुटला गोऱ्हा!"

साऱ्या पटांगणानं टाळ्या वाजवल्या. प्रेमदासला तर वर्गात आयुष्यात मिळाली नव्हती एवढी शाबासकी मिळाली. लहानूनं पळता पळता एकदा व्हरांड्याकडे पाहिलं. गुरुजींना वाटलं, गोऱ्हा हुशारीत आलाय.

दुसऱ्या दिवसापासून लहानू शाळेत दिसेना. गुरुजी म्हणाले, ताप असन. मग म्हणाले, वेचणीचे दिवस हायेत, मायसंगं गेला असन. माणसाला जे मानायचं असतं त्याला कारणं शोधावी लागत नाहीत, ती दारात उभीच असतात.

शनिवारी सकाळची शाळा. रुख्माबाई कापूस वेचायचा ओटा, म्हणजे फडक्याची झोळी, कमरेला तसाच बांधलेला, लहानूचा हात धरून थेट पटांगणात आली. मोठे गुरुजी बंडोपंत खुर्ची टाकून उन्हात बसले होते, शेजारी बबनराव. तिनं लहानूच्या सदऱ्याची वरची गुंडी सोडली आणि कॉलर बाजूला केली. मानेभोवती काळपट लाल पट्टा होता, दावं घासून झालेला.

बंडोपंत भले माणूस, पण त्यांच्याकडे जगातल्या सगळ्या दुखण्यांवर तीनच गोळ्या होत्या. त्यांनी पहिली काढली. "बाई, मुलं आहेत. खेळात थोडंफार खरचटायचंच."

"सायकलवरून पडलं तं खरचटते साहेब. हे खरचटनं व्हय का?"

दुसरी गोळी. "बरं, पाच छड्या देतो प्रेमदासला. सगळ्यांसमोर."

"छड्या त्याच्या घरी का कमी हायेत? तुमी पाच दिल्या तं तो माह्या पोराले दहा मोजीन."

तिसरी. "मग दाखला हातात देऊन घरीच पाठवतो त्याला. प्रश्नच मिटला."

"घरी जाऊन तो कुठं जाईन साहेब? आमचं घर बी नाल्याकडंच, त्याचं बी नाल्याकडंच. शायेत निदान चार मास्तर तं हायेत. नाल्यावर कोन हाय?"

बंडोपंतांनी चष्मा काढून पुसला. डबीत आणखी गोळी नव्हती.

मग ती बबनरावांकडे वळली. "मास्तर, तुमी म्हनलं होतं मले धरजा. मी धराले आली. प्रेम्यावर माहा तेवढा राग नाई, ते बी कोनाचं पोरगंच हाय. पन कासरा कसा धराचा हे त्याले कोनं शिकवलं?"

गुरुजी खाली पाहू लागले. या वेळी ते कुणाची चाल पाहत नव्हते.

"ते दावं एकडाव तुमच्या गयात पाहाचं हाय मले," रुख्माबाई म्हणाली. "नाई तं सोमवारी लहानू कवडूसंगं ढोरामागं जाते. त्याच्याशी बोलून ठेवलं हाय मी." कवडू म्हणजे गावचा गुराखी. एवढं बोलून ती पोराला घेऊन आली तशी गेली.

घरी विमलाबाईंना सगळं आधीच कळलं होतं. (माझ्याकडं बोट दाखवू नका. गावात आणखीही लोक होते.) गुरुजींचं जेवण जाईना. म्हणाले, "दावं गयात घाला म्हनते. मास्तर मानसाच्या!"

विमलाबाईंनी त्यांच्या ताटात आणखी वरण वाढलं. "मंग घाला नं. माह्या मानेवर तं लग्नापासून जू हाय, मी कवा बोंबलली?"

"तू मजाक करून राह्यली."

"मजाक तुमी केली. त्या लेकराची. अन् वरून शाब्बास म्हनलं."

रविवारी सकाळी गुरुजी गोठ्यात गेले. बैलांना कडबा टाकला. मग इकडंतिकडं पाहून खुंटीवरचं दावं काढलं आणि आपल्याच गळ्यात घातलं. मागून विमलाबाई आल्या. त्यांनी दाव्याचं टोक हातात घेतलं आणि एक असा हिसका दिला की बैलांनीही चारा सोडून वर पाहिलं.

"हळू न व!"

"मनगट ढिलंच हाय माहं," त्या म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांना उचकी लागली.

गुरुजी मात्र हसेनात. मान अवघडलेली, तसेच उभे राहिले. म्हणाले, "मागं कोन हाय ते दिसत नाई व. नुसतं हसनं ऐकू येते. हसून राह्यलं ते आपलं हाय का दुसऱ्याचं, काईच समजत नाई."

विमलाबाईंनी दावं सोडलं. हे त्यांनीच मला पुढं सांगितलं, आणि सांगताना त्या हसल्या नाहीत, म्हणून मी ते खरं मानतो.

सोमवार उजाडला. ढोरं सुटायची आणि शाळा भरायची वेळ आमच्याकडे एकच. आखरावर गाई-म्हशी गोळा झालेल्या, कवडू काठीवर हनुवटी टेकून उभा, आणि त्याच्या बाजूला स्वतःपेक्षा उंच काठी घेतलेला लहानू. रुख्माबाई वावरात जायची सोडून तिथंच थांबली होती. कुंपणाअलीकडे पोरं प्रार्थनेच्या रांगेत. मी खिडकीत. शिक्के तसेच पडलेले.

बबनराव धोतर खोचून आले. खांद्यावर दावं. बंडोपंतांच्या कानात काहीतरी बोलले. बंडोपंतांनी दोन्ही हातांनी नाही नाही केलं. बबनराव तोवर रांगेपुढं पोचले होते.

"प्रेम्या, समोर ये."

प्रेमदास आला. छड्या खायच्या म्हणून त्यानं हात आधीच पुढं केला होता. गुरुजींनी त्या हातात दाव्याचं टोक दिलं आणि दुसरं टोक आपल्या गळ्यात अडकवलं.

"हाक."

"आँ?"

"धुरकरी हायेस न तू? हाक बे."

पोरांत खसखस पिकली. प्रेमदासनं लाजत दावं जरासं हलवलं, आणि गुरुजी पळायला लागले. खरोखरच पळायला लागले, मान खाली घालून, पाय उचलून. टोपी उडाली. एक चप्पल निघाली ती बंडोपंतांच्या खुर्चीखाली गेली. पोरांचा आनंद काय विचारता! रांग मोडली, दोन्ही काठ भरले, "हुर्रर्र, हुर्रर्र" सुरू झालं. आखरावरच्या म्हशीही कुंपणाशी येऊन पाहायला लागल्या. एवढा जाणकार बैल त्यांनी पाहिला नव्हता.

एक फेरी झाली. गुरुजी थांबले नाहीत. पुढच्या फेरीत त्यांना धाप लागली. खोकला आला. पन्नाशीला टेकलेला माणूस, गुडघा जुनाच दुखरा. आरोळ्या थोड्या पातळ झाल्या. गुरुजींचा पाय खड्ड्यात पडला, ते कोलमडले, उठले, पुन्हा पळाले. आता दोनचारच पोरं ओरडत होती, आणि तीही आजूबाजूला पाहत ओरडत होती. मग तीही थांबली. पटांगणावर फक्त गुरुजींचा भात्यासारखा श्वास आणि मागं प्रेमदासच्या पायांचा आवाज.

"पुरे न गुरुजी," प्रेमदास म्हणाला.

"बैल कवा पुरे म्हनते का? हाक."

"सोडा न गुरुजी. मी नाई हाकत." त्याचा आवाज फाटला. दाव्याचं टोक त्यानं असं टाकलं जसं ते तापलं होतं, आणि तो रडायला लागला. एवढा थोराड पोरगा, बाहीनं नाक पुसत, साऱ्या शाळेसमोर. कुणी हसलं नाही. हसायचं कुणाला सुचलंच नाही.

गुरुजींनी कमरेवर हात ठेवून श्वास घेतला. मग काठावरच्या पोरांकडे पाहिलं. "काऊन चूप झाले रे? लहान्या पळे तवा तं आभाळ फाडून राह्यले होते. पटातला बैल कासऱ्यानं पळत नाई, लेकहो. काठावरच्या बोंबेनं पळते. हा प्रेम्या एकटा काय हाकत होता? सारे हाकत होते. अन् सगळ्यात मोठ्यानं मी."

एवढंच. भाषण म्हणावं तर भाषणही नाही. बंडोपंतांना ते फारच तोकडं वाटलं. प्रेमदासच्या पाठीवर हात ठेवून गुरुजींनी त्याला रांगेत नेऊन उभं केलं, आणि गळ्यातलं दावं तसंच लोंबतं ठेवून कुंपणाशी गेले.

रुख्माबाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. धोतर मातीनं भरलेलं, एक पाय अनवाणी, मान लाल.

"पयता मात्र चांगले मास्तर," ती म्हणाली.

"पोरगं द्या."

"मी कोन देनार? त्याले विचारा. मान त्याची हाय."

गुरुजी लहानूकडे वळले. लहानू त्यांच्याकडे पाहतच नव्हता. तो रांगेतल्या प्रेमदासकडे पाहत होता.

"तो शाळेतच राहीन का?" त्यानं विचारलं.

गुरुजींना खोटं बोलता आलं असतं. "राहीन," ते म्हणाले. "त्याले काढत नाई मी. पन सुट्टीत मी बाहेर राहीन. रोज. चहा नाई, बशी नाई."

मागं कवडूनं हाळी दिली, ढोरं हलायला लागली. लहानूनं आपली काठी त्याच्याकडे फेकली आणि कुंपणाच्या फटीतून आत आला. सदरा काट्याला अडकून टरकन फाटला. रुख्माबाईनं लगेच त्याला एक शिवी हासडली. त्या शिवीत जेवढा जीव होता तेवढा मी कुणाच्या आशीर्वादातही पाहिला नाही.

त्यानंतर गुरुजींचं नाव गावात बैल मास्तर पडलं. आधीच पडायला हवं होतं, उशीर झाला म्हणायचा. मधली सुट्टी झाली की ते पटांगणात. ऊन असो, थंडी असो. पोरांच्या खेळात ते लुडबूड करायचे नाहीत, मात्र कुठं घोळका जमला की जाऊन, जो खाली पडलाय, ज्याची टोपी दुसऱ्याच्या हातात आहे, त्यालाच विचारायचे, "काय रे, खेळ हाय का?" हसणाऱ्यांना कधी विचारलं नाही. त्यांचं उत्तर गुरुजींना स्वतःवरून ठाऊक होतं. संध्याकाळी प्रेमदास त्यांच्या गोठ्यात दिसायला लागला. तिथं बैल धुवायचा, आणि धुताना विमलाबाईंच्या शिव्या आणि धपाटे, म्हणजे थालीपीठं, दोन्ही खायचा. तो साधूबिधू झाला नाही. त्याचा आवाज शेवटपर्यंत मोठाच राहिला.

लहानू मात्र सुट्टीत गुरुजींची पाठ सोडेना. ते पटांगणात जिथं जातील तिथं त्यांच्या दोन हात मागं. खेळायचं नाव नाही. गुरुजी मला म्हणायचे, "पोरगं शाळेत आलं गा, पन अजून आलं नाई." त्यांच्या जिवाला ते लागलं होतं. रुख्माबाईला दिलेला शब्द असा अर्धा पाळलेला त्यांना चालत नव्हता.

होळीच्या आसपासची गोष्ट. सुट्टीत गुरुजींनी मागं वळून पाहिलं तर लहानू नाही. व्हरांड्यात नाही, वर्गात नाही. गुरुजींचा चेहरा असा उतरला की मीही खिडकीतून उठलो. ते शाळेमागं धावले, मी पोस्ट उघडं टाकून त्यांच्यामागं. मागच्या मोकळ्या जागेत पोरांचा घोळका, आतून आरडाओरडा, आणि त्यात लहानूचा किरटा आवाज. गुरुजींनी दोन्ही हातांनी पोरं बाजूला सारली.

मधे गिल्लीदांडूचा डाव मांडलेला. लहानू दांडू हातात घेऊन, आपल्यापेक्षा दीडपट उंच पोरांसमोर टाचा उंचावून भांडत होता. गिल्ली जमिनीला टेकली होती की नाही यावर. प्रेमदास त्याच्याविरुद्ध होता, आणि हरत होता.

गुरुजी घामाघूम. लहानूसमोर वाकून म्हणाले, "काय रे, खेळ हाय का?"

लहानूनं कपाळाला आठ्या घातल्या.

"सरका न गुरुजी तिकडं! मधातच येऊन उभे राह्यले. माहा डाव हाय!"